कॅथलिक धर्मसंघात प्रवेश करणाऱ्या स्त्रियांची आध्यात्मिक जडणघडण : एक विवेचन

प्रस्तावना

स्त्रीने घर सोडून धर्मजीवन स्वीकारणे ही घटना महाराष्ट्राला अपरिचित नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्षुणींचे उल्लेख सापडतात. महानुभाव पंथाच्या इतिहासात महदाइसेचे स्थान सर्वज्ञात आहे. जैन साध्वींचा विहार तर आजही आपल्या डोळ्यांसमोर घडतो. या तुलनेत कॅथलिक धर्मभगिनी, ज्यांना आपण सर्वसाधारणपणे 'सिस्टर' असे संबोधतो, त्या संख्येने व कार्याने अधिक दृश्य असूनही त्यांच्या अंतर्गत जीवनाविषयी सुशिक्षित समाजात फारच थोडी माहिती आढळते. शाळा, दवाखाना आणि विशिष्ट वेश या तीन खुणांपलीकडे आपली जिज्ञासा सहसा जात नाही. भारतात आज सुमारे एक लाख कॅथलिक धर्मभगिनी आहेत. अठरा-वीस वर्षांची एक तरुणी त्या जीवनात प्रवेश करते तेव्हा तिला कोणत्या शिक्षणातून जावे लागते, त्या शिक्षणामागील तत्त्व कोणते आणि त्यात तिच्या स्वातंत्र्याचे काय होते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रात बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने बजाजनगरची वसाहत वाढली. येथील घराघरांत 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द परिचयाचा आहे. योगायोग असा की, धर्मसंघात प्रवेश करू इच्छिणाऱ्या मुलीच्या पहिल्या टप्प्यालाही मराठीत 'उमेदवारी' असेच म्हणता येते. मात्र कारखान्यातील उमेदवारी हाताला कौशल्य देते व त्या कौशल्याची परीक्षा घेते. धर्मसंघातील उमेदवारीत माणूसच घडवायचा असतो आणि त्याची परीक्षा नेमकी कशी घ्यावी हा प्रश्न चर्चलाही शतकानुशतके सुटलेला नाही.

'घडण' या संकल्पनेविषयी

या प्रक्रियेला चर्चच्या परिभाषेत 'फॉर्मेशन' असे म्हणतात. मराठीत त्यासाठी 'प्रशिक्षण' हा शब्द अनेकदा वापरला जातो, पण तो अपुरा आहे. 'संस्कार' म्हटले तर संस्कार घेणारी व्यक्ती निष्क्रिय वाटते. 'साधना' म्हटले तर ती एकटी वाटते. 'जडणघडण' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण त्यात घडवणारे हात आणि घडणाऱ्या द्रव्याचा स्वतःचा पोत या दोहोंना स्थान आहे. कॅथलिक विचारानुसार खरा घडवणारा परमेश्वरच. मार्गदर्शक भगिनी, समुदाय आणि नियम ही केवळ साधने होत. हे तत्त्व उच्चारायला सोपे आहे. प्रत्यक्षात साधनांनाच घडवणाऱ्याचा अधिकार आपल्याकडे आहे असे वाटू लागते, आणि या विषयातील बहुतेक अडचणी तेथूनच उद्भवतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत नवागताला सहजासहजी प्रवेश देऊ नये, त्याला काही दिवस दारात थांबवावे, वर्षभरात नियमावली त्याला तीनदा वाचून दाखवावी आणि प्रत्येक वेळी जाण्याची मोकळीक द्यावी, असे सांगितले आहे. बौद्ध विनयातही भिक्षुणीची उपसंपदा होण्यापूर्वी 'शिक्षमाणा' म्हणून दोन वर्षे सहा नियमांचे पालन करावे लागते. दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही घाईने दिलेली दीक्षा दोघींनाही अनिष्ट वाटली, हे लक्षणीय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र परीक्षेइतकाच सक्तीचा प्रश्न महत्त्वाचा होता. हुंड्याचा भार टाळण्यासाठी वा मालमत्तेची वाटणी होऊ नये म्हणून मुलींना मठात पाठविण्याची प्रथा युरोपात दीर्घकाळ होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये व्रतग्रहणासाठी किमान सोळा वर्षे वय व एक वर्षाचा परीक्षाकाळ सक्तीचा केला, आणि मुलगी स्वेच्छेने येत आहे की नाही याची बिशपने चौकशी करावी असा नियम घातला. आजच्या प्रवेशप्रक्रियेचा पाया तेथे घातला गेला. त्याआधीही स्त्रियांनी स्वतःच्या जीवनाचा नियम स्वतः लिहिण्याचा प्रयत्न केला होता. असिसीच्या संत क्लाराने लिहिलेल्या नियमावलीला १२५३ मध्ये मान्यता मिळाली आणि स्त्रीने लिहिलेली ती पहिली मान्यताप्राप्त नियमावली ठरली. आविलाच्या संत तेरेसाने १५६२ मध्ये आपला पहिला सुधारित मठ स्थापन केला व आपल्या भगिनींना प्रार्थना शिकविण्यासाठी स्वतः ग्रंथरचना केली. अध्यापन करणाऱ्या वाचकांना तेरेसा विशेष जवळची वाटावी, कारण तिचे लेखन म्हणजे विद्यार्थिनींची थट्टा करीत, त्यांना धीर देत चाललेले वर्गातील बोलणेच आहे.

आपल्या परिसरात या इतिहासाचा पहिला ठसा गोव्यात दिसतो. जुने गोवे येथील सांता मोनिका मठाची स्थापना आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात १६०६ मध्ये झाली. आशियातील भगिनींचा हा आद्य मोठा मठ मानला जातो. १८३४ नंतर पोर्तुगीज शासनाच्या धर्मसंघविरोधी धोरणामुळे तेथे नवीन प्रवेश थांबले आणि उरलेल्या भगिनींच्या मृत्यूबरोबर तो मठ संपला. पुढे १९६४ मध्ये त्याच वास्तूत धर्मभगिनींच्या ईशशास्त्रीय शिक्षणासाठी 'माटेर देई' ही संस्था सुरू झाली. ज्या भिंतींच्या आत स्त्रियांनी जगापासून अलिप्त राहावे अशी अपेक्षा होती, त्याच भिंतींत त्यांनी पवित्र शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करावा, असा हा बदल आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) घडणीच्या संकल्पनेत जे परिवर्तन आणले त्याची याहून बोलकी खूण सापडणे कठीण.

घडणीचे टप्पे

१९८३ च्या चर्चच्या कायद्यानुसार या प्रवासाची रूपरेषा निश्चित झाली आहे. आरंभी उमेदवारी व त्यानंतरची पूर्वतयारी, जिला पोस्ट्युलन्सी म्हणतात, यांचा कालावधी प्रत्येक संघ आपल्या नियमांनुसार ठरवतो. त्यानंतरचा नोव्हिशिएट हा या साऱ्या प्रक्रियेचा गाभा होय. त्यात प्रवेशासाठी सतरा वर्षे वय पूर्ण असावे लागते. सक्ती, भीती वा फसवणुकीने झालेला प्रवेश मुळातच अवैध ठरतो. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचा असतो आणि सामान्यतः दोन वर्षांपेक्षा अधिक लांबविता येत नाही. या काळात तीन महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाल्यास तो अवैध ठरतो. आपल्या महाविद्यालयांतील हजेरीच्या नियमांशी परिचित असणाऱ्यांना ही काटेकोरता ओळखीची वाटेल.

नोव्हिशिएटअखेर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञाधारकता ही तीन व्रते तात्पुरत्या स्वरूपात घेतली जातात. ही मुदत तीन ते सहा वर्षांची असते व अपवादात्मक परिस्थितीत एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढविता येते. आजीवन व्रतांसाठी किमान एकवीस वर्षे वय आवश्यक असते. एकांतमठात राहणाऱ्या चिंतनशील भगिनींसाठी २०१८ मध्ये रोमने स्वतंत्र सूचना काढून प्रारंभिक घडणीचा काळ किमान नऊ व कमाल बारा वर्षांचा केला. आपल्याकडील वैद्यकीय शिक्षणाचा काळही इतका दीर्घ नसतो, असे एखाद्यास वाटल्यास ते गैर नाही.

या तरतुदींतील एका कलमाकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक वाटते. नोव्हिसना घडणीशी थेट संबंध नसलेल्या अभ्यासात वा कामात गुंतवू नये, असे कायदा सांगतो. व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील धर्मजीवनविषयक आदेशातही नोव्हिशिएट संपताच भगिनींना लगेच सेवाकार्यावर पाठवू नये, असे म्हटले आहे. हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले यातच व्यवहाराची कबुली आहे. शाळेत शिक्षिका हवी असते, वसतिगृहाला रेक्टर हवी असते, दवाखान्यात परिचारिका कमी पडते. अशा वेळी तरुण भगिनीची घडण हा पुढे ढकलण्याजोगा खर्च वाटू लागतो. कामाच्या ओझ्याखाली प्रार्थना आक्रसली की काही वर्षांनी उरते ती केवळ विनावेतन कर्मचारी. संस्थाचालनाचा अनुभव असणाऱ्या कोणासही ही प्रक्रिया समजण्यास अवघड जाऊ नये.

प्रार्थनेचे शिक्षण

आध्यात्मिक घडणीचा प्रत्यक्ष आशय म्हणजे प्रार्थनेचे शिक्षण. दिवसाचा आराखडा ठरलेला असतो : पहाटेची सामूहिक स्तोत्रप्रार्थना, मौनचिंतन, मिस्सा, पवित्र शास्त्राचे संथ वाचन, सायंप्रार्थना आणि झोपण्यापूर्वीचे आत्मपरीक्षण. संत इग्नेशियसच्या परंपरेतील आत्मपरीक्षणात केवळ चुकांची मोजदाद नसते. दिवसभरात मन कोठे उघडले, कोठे आक्रसले, आणि त्या हालचालींमागे काय होते, याचा शोध घेतला जातो. मनाच्या या हालचाली ओळखण्याच्या कलेला 'विवेक' हा आपल्या संतपरंपरेला परिचित शब्द अगदी योग्य आहे. अनेक संघांत वर्षातून एकदा आठ दिवसांचे मौनशिबिर होते. काही संघांत जीवनात एकदा तरी तीस दिवसांची इग्नेशियन आध्यात्मिक साधना करविली जाते.

नवागत मुलीला सर्वांत कठीण जाते ते मौन. घरात रेडिओ, दूरदर्शन व आता भ्रमणध्वनी यांच्या सोबतीने वाढलेल्या मुलीस पहिल्या काही महिन्यांत स्वतःच्याच विचारांचा गोंगाट असह्य होतो. कुशल मार्गदर्शिका यावर उपाय सांगण्याची घाई करीत नाही. दुसरी अडचण उलट प्रकारची : आरंभी प्रार्थनेत जाणवणारा गोडवा हीच आपल्या पाचारणाची खूण, असे मुलगी समजते आणि तो गोडवा ओसरला की घाबरते. मदर तेरेसा यांची आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेक वृत्तपत्रांना त्यातील दीर्घ अंधाराची नोंद धक्कादायक वाटली. लोरेटो संघाच्या दार्जिलिंग येथील नोव्हिशिएटमध्ये घडलेली व १९३१ मध्ये पहिली व्रते घेतलेली ही स्त्री दशकानुदशके कोणत्याही अंतर्गत सांत्वनाविना प्रार्थना करीत राहिली. घडणीच्या दृष्टीने ही पत्रे मोलाची आहेत, कारण भावनेचा अभाव म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे, हे नोव्हिसला समजावून सांगण्यासाठी मार्गदर्शिकेला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

अंतःकरण कोणापुढे उघडावे?

या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न आध्यात्मिक मार्गदर्शनाचा आहे. आपल्या मनातील मोह, शंका, भय हे कोणापुढे तरी उघड केल्याशिवाय वाढ होत नाही, हे सर्वच साधनापरंपरा मान्य करतात. परंतु ज्या व्यक्तीच्या हाती प्रवेश नाकारण्याचा वा व्रते पुढे ढकलण्याचा अधिकार आहे, तिच्यापुढेच अंतःकरण उघडावे लागले तर काय? एकोणिसाव्या शतकात अनेक स्त्रीसंघांत प्रमुख भगिनी आपल्या अधीन भगिनींकडून सद्सद्विवेकाचे संपूर्ण निवेदन मागत असत. त्याचे दुष्परिणाम इतके वाढले की १८९० मध्ये पोप तेराव्या लिओच्या काळात रोमने विशेष हुकूमनामा काढून या प्रथेस बंदी घातली. १९८३ च्या कायद्यात हीच बंदी कायम आहे : भगिनी स्वेच्छेने प्रमुखांजवळ मन मोकळे करू शकते, पण प्रमुखाने तिला कोणत्याही प्रकारे तसे करण्यास प्रवृत्त करता कामा नये. पापनिवेदनासाठी धर्मगुरू निवडण्याचे योग्य स्वातंत्र्यही तिला दिलेले आहे.

अलीकडे प्रवेशापूर्वी मानसशास्त्रीय चाचण्या घेण्याची पद्धत रूढ होत आहे. कायदा आवश्यक तेथे तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची मुभा देतो. पण व्यक्तीच्या खाजगीपणाचे रक्षणही बंधनकारक मानतो. म्हणून चाचणी तिच्या संमतीनेच व्हावी व अहवाल कोण वाचणार हे तिला आधी सांगावे, एवढी किमान अपेक्षा ठेवावी लागते. मानसशास्त्राच्या अध्यापकांनी या क्षेत्रात लक्ष घातल्यास उपयुक्त काम होऊ शकेल, कारण पाश्चात्त्य नमुन्यांवर बेतलेल्या चाचण्या खेड्यातून आलेल्या मराठी मुलीस लावताना तिचा लाजाळूपणा हा दोष म्हणून नोंदला जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आज्ञाधारकतेचे व्रत आणि सद्सद्विवेक यांच्यातील ताण समजून घेण्यासाठी मराठी इतिहासात एक अप्रतिम साधन उपलब्ध आहे. ते कॅथलिक नाही, अँग्लिकन आहे, हे प्रथमच स्पष्ट करतो. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींचा संघ १८७७ मध्ये पुण्यात आला. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला त्यांच्या मठात राहावयास गेल्या व त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या नोव्हिस नव्हत्या. परंतु सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांच्या आध्यात्मिक मातेची भूमिका स्वीकारली होती. या दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रकाशित केला आहे. क्रुसावरील मजकूर लॅटिनऐवजी संस्कृतात का नको, आहाराविषयीचे आपले नियम का सोडावेत, पुरोहितवर्गाच्या एका जोखडातून सुटल्यावर दुसरे का स्वीकारावे, असे प्रश्न रमाबाई विचारतात. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसतो. पत्रे वाचताना त्यांची कळकळ खोटी वाटत नाही. पण विनय आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना उमगले नाही, असे माझे मत आहे. धर्मसंघातील घडणीचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम हा ग्रंथ वाचावा.

भारतीय भूमीतील प्रयोग

रमाबाईंचा प्रश्न कॅथलिक चर्चपुढे अधिकृतपणे येण्यास आणखी आठ दशके लागली. १९६९ मध्ये बंगळूर येथे झालेल्या अखिल भारतीय चर्चासत्रात भारतीय संस्कृतीला अनुरूप प्रार्थनापद्धती व आश्रमजीवन यांचा आग्रह धरण्यात आला. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण होय. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या जागी १९७२ मध्ये सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी व वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी एकत्र राहू लागल्या. पारशी कुटुंबात जन्मलेल्या वंदना माताजी आणि शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सारा ग्रँट ही या आश्रमाशी निगडित दोन नावे. सारा ग्रँट यांनी मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले होते. जमिनीवर बसून ध्यान, उपनिषदांचे वाचन, शाकाहार, अतिथींना मुक्तद्वार असे येथील जीवन होते. ज्या वाँटेज संघाच्या मठात रमाबाईंचा संस्कृत क्रूस खटकला होता, त्याच संघाच्या भगिनी नव्वद वर्षांनी पुण्यात संस्कृत प्रार्थनांसह राहिल्या, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

तथापि या प्रयोगांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आश्रमाची भाषा संस्कृतप्रचुर होती आणि तिचे आकर्षण प्रामुख्याने उच्चशिक्षितांना होते. मराठवाड्यातील कॅथलिक समाजाचा इतिहास वेगळा आहे. घोगरगाव परिसरात संत फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने चालणाऱ्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आले. त्यांपैकी फादर जाकिए यांना लोक आजही 'याकूबबाबा' म्हणून स्मरतात. ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील, भूमिहीन वा अल्पभूधारक होते. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अस्तित्वात आला. शहराचे नाव बदलले तरी धर्मप्रांताचे नाव तेच राहिले आहे. या समाजातील मुलीला शांकरभाष्य हे 'आपले' आणि लॅटिन स्तोत्र 'परके' असे आपण गृहीत धरणे कितपत योग्य? तिच्या आजीच्या ओव्या, भजने, जात्यावरचे ख्रिस्ताचे गाणे हीच तिची प्रार्थनेची भाषा असते. नोव्हिशिएटमध्ये मात्र बहुधा इंग्रजी चालते, आणि अनेक संघांत मार्गदर्शिका केरळ, मंगळूर वा गोवा येथून आलेल्या असतात. मनातील सर्वांत सूक्ष्म हालचाल परभाषेत सांगावी लागणे म्हणजे ती अर्धीच सांगणे होय.

जातीचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमध्ये भेदभाव अस्तित्वात असल्याचे मान्य केले. तीन व्रतांपैकी दारिद्र्याच्या व्रताचा अर्थ या संदर्भात वेगळाच होतो. ज्या मुलीच्या घरी कधी काही नव्हतेच तिने कशाचा त्याग करावा? तिच्यासाठी मठातील स्वतंत्र खाट, नियमित जेवण व पदवीचे शिक्षण ही समृद्धीच असते, आणि तिचे पाचारण शुद्ध आहे काय अशी शंका अशा वेळी तिच्यावरच घेतली जाते. माझ्या मते ही शंका अन्यायाची आहे. उन्नतीची आकांक्षा आणि ईश्वराची ओढ एकाच मनात नांदू शकतात; मार्गदर्शिकेचे काम त्यांना एकमेकींपासून ओळखण्यास मुलीला शिकविणे हे आहे. अंधेरी येथे १९४२ मध्ये अ‍ॅना ह्युबर्टा रॉगेनडॉर्फ या जर्मन भगिनीने स्थापन केलेल्या 'हेल्पर्स ऑफ मेरी' या संघाच्या भगिनी निराधार मुले व कुष्ठरुग्ण यांच्यात काम करतात. तेथे दारिद्र्य हा केवळ चिंतनाचा विषय नसतो. शेजारी राहणाऱ्या माणसाकडूनच ते शिकावे लागते.

परतीची वाट

नोव्हिस केव्हाही संघ सोडू शकते आणि संघही तिला परत पाठवू शकतो. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावरही हीच मोकळीक असते. कायदा असे सांगतो की सोडून जाणाऱ्या व्यक्तीला केलेल्या कामाबद्दल काही मागण्याचा हक्क नाही. मात्र संघाने तिच्याशी न्यायाने व प्रेमाने वागावे. हे शेवटचे शब्द सुंदर आहेत, पण त्यांचे मोल रुपयांत किती हे प्रत्येक संघाच्या मर्जीवर राहते. आपल्या समाजात परतलेल्या मुलीकडे 'मठातून काढलेली' म्हणून पाहिले जाते. तिचे लग्न जुळणे कठीण होते, शिक्षण अर्धवट राहिलेले असते. प्रवेशाच्या दिवशी गावभर मिरवणूक काढणारा पॅरिश तिच्या परतण्याच्या दिवशी दारे लावून घेतो. परतीची वाट जितकी लज्जास्पद, तितका आत राहण्याचा निर्णय कमी स्वतंत्र; बेनेडिक्टने दार उघडे ठेवण्याचा आग्रह धरला तो यासाठीच.

तात्पुरत्या व्रतांच्या काळातील अनेक भगिनी आपल्या महाविद्यालयांत कला शाखेच्या वा अध्यापक पदविकेच्या विद्यार्थिनी म्हणून येतात. वर्गात त्या शांत बसतात, स्नेहसंमेलनाला येत नाहीत, सहलीची वर्गणी देताना त्यांना मठातून परवानगी घ्यावी लागते. अध्यापकांची त्यांच्याविषयीची समजूत बहुधा 'शिस्तप्रिय विद्यार्थिनी' येथे संपते. समाजशास्त्राच्या वर्गात कुटुंबसंस्थेवर वा धर्मावर चर्चा चालू असताना त्यांना बोलते केल्यास, आणि त्यांचे उत्तर संघाचे अधिकृत मत म्हणून न घेता त्या मुलीचे मत म्हणून ऐकल्यास, तेवढा तास तरी त्यांना कोणाच्याही परवानगीविना स्वतःचा विचार करता येतो.